वाचक विचारतात : हजारो इंटरफेस एकदम कसे काढायचे?

लिनक्सच्या नेटवर्किंगविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. इंटरफेस, म्हणजे मशीनला नेटवर्कशी जोडणारे खरे किंवा आभासी टोक, बनवताना काही वाटत नाही, काढायला घेतले की मशीन अडून बसते. म्हणून आजचे सगळे सदर त्या एका विषयाला दिले आहे. कमांड टर्मिनलवर इंग्रजीतच टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत.

प्रश्न : मॅडम, मी फोंड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी लॅपटॉपवर ४००० डमी (खऱ्या कार्डाशिवायचे, नुसते आभासी) इंटरफेस बनवले. नंतर फॉर लूप लावून एकेक डिलीट करायला घेतला, तर मी चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी ते चालूच होते. टॉप (कोणता प्रोग्राम सीपीयू किती वापरतो ते दाखवणारी कमांड) उघडून पाहिले तर सीपीयू जवळजवळ रिकामा. मग वेळ जातो कुठे? एका सीनियरने सांगितले की आयपी कमांडचा बॅच पर्याय वापर, सगळ्या ओळी एका फाइलीत घाल. तसे केले. थोडा फरक पडला, पण फारसा नाही.

उत्तर : तू टॉप उघडून पाहिलेस हे फार चांगले केलेस. अर्धे उत्तर त्यातच आहे. सीपीयू रिकामा आहे, म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, राबत नाही, कशाची तरी वाट पाहतो आहे. ही वाट कशाची ते कळले की उपाय आपोआप सुचतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. शनिवारी सवड मिळाली की मी तिथे जाऊन बसते. तिथल्यासारखी एक वाचनाची खोली डोळ्यांपुढे आण. मांडणीवर नियतकालिके आहेत, येणारा हवे ते उचलतो, बसून वाचतो, ठेवून जातो. समजा, कोण काय वाचतो याची नोंद कुणी ठेवत नाही. नोंद नाही, म्हणून रांग नाही आणि वाचणाऱ्याला काही अडचणही नाही. आता ग्रंथपालबाईंना एक जुना अंक कायमचा रद्दीत द्यायचा आहे. पहिली गोष्ट, त्या तो अंक मांडणीच्या यादीतून काढतात. यापुढे येणाऱ्याला तो मिळणार नाही. पण या क्षणी तो कुणाच्या हातात असला तर? नोंद नसल्याने त्यांना ते कळायला मार्ग नाही. त्यांच्यापुढे एकच खात्रीचा उपाय उरतो : या क्षणी खोलीत बसलेला प्रत्येक जण एकदा तरी उठेपर्यंत थांबायचे. नंतर आलेल्यांची चिंता नको, त्यांना तो अंक दिसलेलाच नाही. जुने सगळे उठले, की मग अंक रद्दीत.

कर्नलमध्ये नेमके हेच चालते. तुझ्या लॅपटॉपच्या प्रत्येक कोअरवर (प्रोसेसरच्या प्रत्येक भागावर) पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, येतात-जातात आणि प्रत्येक पॅकेटमागे नेटवर्क डिव्हाइसांची (इंटरफेसला कर्नलमध्ये डिव्हाइस म्हणतात) यादी वाचली जाते. दर वाचनाला कुलूप लावायचे म्हटले तर वेग मातीमोल होईल. म्हणून वाचणारे कुलूप न लावता, नोंद न करता वाचतात. या पद्धतीला आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) म्हणतात. पॉल मॅककेनी, दीपंकर सरमा आणि इतर काही जणांच्या कामातून २००२ साली ती लिनक्सच्या २.५ मालिकेत आली. वाचणारा मोकळा राहतो आणि त्याची किंमत पुसणारा मोजतो. 'आधीचे सगळे उठेपर्यंत' या थांबण्याला ग्रेस पीरियड म्हणतात.

आणि एका डिव्हाइसला निरोप देताना ही वाट एकदाच पाहून भागत नाही. इंटरफेस चालू असेल तर आधी तो बंद करताना थांबावे लागते. यादीतून काढल्यावर पुन्हा. मग आयपीव्ही४, आयपीव्ही६, फायरवॉल, ब्रिज अशा सगळ्यांना 'हा चालला' असे कळवल्यावर आणखी एकदा. शेवटी, पुढे ढकललेली साफसफाईची कामे खरोखर उरकली का, हे पाहण्यासाठी वेगळे थांबणे. समजा, हे सगळे मिळून एका डिव्हाइसमागे ५० मिलिसेकंद गेले. ४००० डिव्हाइस म्हणजे २०० सेकंद, तीन मिनिटे वीस सेकंद. हा आकडा समजण्यापुरता घे. कोअर किती, मशीनवर भार किती, कर्नल कसा बांधला आहे, यांवर तो बदलतो. न बदलणारी गोष्ट अशी, की हा वेळ पुसण्याच्या कष्टाचा नाही, ४००० वेळा वेगवेगळे थांबण्याचा आहे.

आता सीनियरच्या सल्ल्याकडे येते. तो वाईट नव्हता, पण ज्या ठिकाणी वेळ जातो तिथे त्याचा हात पोचत नाही. फॉर लूपमध्ये दर वेळी आयपी हा प्रोग्राम नव्याने सुरू होतो आणि संपतो. बॅच फाइलीने तो खर्च वाचतो, म्हणून तुला थोडा फरक दिसला. पण कर्नलकडे जाताना ते ४००० वेगळे निरोपच राहतात. ग्रंथपालबाईंना ४००० चिठ्ठ्या देण्याऐवजी तू एक लांब यादी दिलीस, इतकेच. त्या अजूनही पहिला अंक काढून खोली रिकामी होईपर्यंत थांबतात, मग दुसऱ्याला हात लावतात.

खरा उपाय असा, की ४००० अंक एका दमात मांडणीवरून उतरवायचे आणि मग एकदाच थांबायचे. कर्नलमध्ये ही सोय २००९ साली एरिक डुमाझे यांनी घातली आणि २.६.३३ या आवृत्तीत ती सगळ्यांच्या हाती आली. काढायची डिव्हाइस आधी एका यादीत ओवायची आणि ती यादी 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस_मेनी' या फंक्शनच्या हवाली करायची. ते सगळी डिव्हाइस एकत्र बंद करते, एकत्र यादीतून काढते, एकत्र थांबते. त्याच वर्षी एरिक बीडरमन यांनी नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगळी नेटवर्क-खोली) मोडण्याचे कामही असेच घाऊक केले. दोघांचे नाव एरिक, विषय एकच, म्हणून माझे विद्यार्थी नेहमी गोंधळतात.

तुला हे फंक्शन थेट बोलावता येणार नाही, पण त्याच्यापर्यंत पोचणारे तीन रस्ते आहेत.

पहिला गटाचा. प्रत्येक इंटरफेसला एक गट-क्रमांक देता येतो. ही सोय २०११ च्या २.६.३९ पासून आहे. बनवल्याबरोबर 'आयपी लिंक सेट डेव्ह डमी१ ग्रुप ५००' अशी ओळ प्रत्येकासाठी चालव. ही कमांड कुणासाठी थांबत नाही, नुसता आकडा लिहिते, त्यामुळे इथे बॅच फाइल अगदी योग्य. काढताना एकच ओळ : 'आयपी लिंक डिलीट ग्रुप ५००'. कर्नल त्या गटातले सगळे एका यादीत ओवतो आणि घाऊक काढतो. गटाने काढण्याची ही सोय २०१५ च्या ४.१ कर्नलपासून आहे, म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर ती असणारच.

दुसरा रस्ता नेमस्पेसचा. प्रोजेक्टसाठी मी तुला हाच सुचवीन. 'आयपी नेटएनएस अ‍ॅड' करून एक वेगळी खोली कर, ४००० डमी त्या खोलीतच बनव आणि काम झाले की खोलीच मोड. आतली आभासी डिव्हाइस तिच्याबरोबर घाऊक जातात. आत हलवलेले खरे कार्ड असेल तर ते मूळ जागी परत येते. एक लक्षात ठेव : 'आयपी नेटएनएस डिलीट' लगेच परत येते, खरी साफसफाई मागे कर्नलच्या कामगार-धाग्यात चालू राहते. आणि त्या खोलीत तुझा एखादा प्रोग्राम अजून जिवंत असेल, तर नाव गेले तरी खोली मोडत नाही. आधी प्रोग्राम बंद कर.

तिसरा रस्ता फक्त डमीसाठी. 'मोडप्रोब -आर डमी' केलेस की मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा भाग) जाताना आपल्या जातीचे सगळे इंटरफेस घाऊक घेऊन जाते. हा सर्वांत झटपट आहे, पण तो सगळे डमी नेतो, तुझे आणि दुसऱ्याचेही. कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे प्रोग्राम सांभाळणारी प्रणाली) आयपीव्हीएस या भार वाटण्याच्या पद्धतीने चालते त्या मशीनवर त्याचा स्वतःचा एक डमी इंटरफेस असतो. तिथे हे करू नकोस.

हे मी इतके आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. २०१७ साली मी एका संस्थेत नेटवर्किंगचे प्रॅक्टिकल घेत असे. परीक्षेच्या सकाळी लक्षात आले, की सामायिक सर्व्हरवर आधीच्या बॅचचे शेकडो व्हीलॅन (आभासी नेटवर्कचे इंटरफेस) तसेच पडून आहेत. मी घाईने फॉर लूप लावला. तेवढ्यात मुले आली, लॉगिन करून आपापले इंटरफेस बनवू लागली आणि प्रत्येकाची कमांड अडखळू लागली. इंटरफेसात बदल करणाऱ्या प्रत्येकाला आरटीएनएल नावाचे एकच मोठे कुलूप घ्यावे लागते आणि माझा लूप ते दर क्षणी अडवून बसत होता. एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, माझी कमांड बरोबर आहे, तरी चालत नाही." तिची कमांड बरोबरच होती. मी लूप थांबवला, सर्वांना वीस मिनिटे वाढवून दिली आणि त्या रात्री घरी बसून हे सगळे मुळापासून वाचून काढले.

घाऊक काढले म्हणजे सगळे फुकट होते, असे मात्र समजू नकोस. थांबणे वाटून घेता येते, पण प्रत्येक डिव्हाइसचे स्वतःचे काम उरतेच : सिसएफएसमधली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतली) फाइल, आयपीव्ही६च्या सेटिंगची प्रॉक या तशाच जागेतली नोंद, 'हा गेला' असा नेटलिंकवरचा (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या वाहिनीवरचा) निरोप. ते निरोप ४०००च जातात. नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क-जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) आणि यूडेव्ह (डिव्हाइसांचे येणे-जाणे पाहणारा) ते ऐकत बसलेले असतात, म्हणून काढण्याचे काम संपल्यावरही काही वेळ टॉपमध्ये तेच वर दिसतील. नेटवर्कमॅनेजरला त्याच्या सेटिंगमध्ये 'अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस' लिहून, डमीने सुरू होणारी नावे सोडून द्यायला सांग. शिवाय सगळे ४००० एका गटात कोंबलेस, तर ते एक मोठे कुलूप तेवढा वेळ सलग तुझ्याकडे राहील. एकटीच्या लॅपटॉपवर चालेल. दुसरे कुणी वापरत असलेल्या मशीनवर मी पाचशे-पाचशेचे गट करते आणि दोन गटांमध्ये क्षणभर थांबते.

प्रश्न : गटाने डिलीट करताना चुकून वायफायचे कार्ड उडाले तर? (पेडण्याहून एक वाचक)

उत्तर : उडणार नाही. शून्य हा सर्वांचा मूळ गट आहे आणि तो डिलीट करायला गेलात तर कर्नल सरळ नकार देतो. दुसऱ्या गटात एखादे खरे कार्ड चुकून गेले असेल, तर कर्नल कुणालाही हात लावण्यापूर्वी पूर्ण गट तपासतो. त्यात एक जरी न काढता येणारे डिव्हाइस सापडले तरी सगळी कमांड परत पाठवतो, अर्धवट काही काढत नाही. 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' असे दिसले तर 'आयपी लिंक शो ग्रुप' करून पाहुणा कोण ते शोधा.

प्रश्न : ताई, नमस्कार. डिचोली तालुक्यात माझा इंटरनेटचा लहान व्यवसाय आहे. ग्राहक पीपीपीओई करून (राउटरने नाव-पासवर्ड देऊन, डायल करून) येतात, सर्व्हर लिनक्सचा, त्यावर ही कनेक्शन सांभाळणारा अ‍ॅक्सेल-पीपीपी. पावसाळ्यात एका बाजूची वीज गेली की काहीशे घरांचे राउटर एकदम बंद होतात आणि वीज आली की सगळे एकदम डायल करतात. त्या वेळी सर्व्हर इतका संथ होतो, की ज्यांची वीज गेलीच नाही अशा ग्राहकांचेही फोन येतात, नवीन कनेक्शन लागत नाही म्हणून. सर्व्हर मोठा घेऊ का?

उत्तर : भाऊ, पैसे खर्च करण्याआधी हे वाचा. जास्त कोअरचे मशीन घेऊन हा त्रास जाईलच असे नाही. कोअर वाढले म्हणजे वाट ज्यांची पाहायची ते वाचणारेही वाढले.

तुमच्याकडे प्रत्येक ग्राहकाच्या सेशनमागे एक पीपीपी इंटरफेस असतो. राउटर बंद पडला की तो 'जातो' म्हणून सांगत नाही, नुसता गप्प होतो. सर्व्हर ठरावीक वेळाने एलसीपी एको ('आहेस का?' असा निरोप) पाठवतो, काही वेळा उत्तर आले नाही की सेशन मेले असे धरतो आणि इंटरफेस काढतो. एका ट्रान्सफॉर्मरवरची घरे एकाच क्षणी गप्प झाली, म्हणून त्यांचे इंटरफेसही जवळजवळ एकाच वेळी निघतात. पण प्रत्येक सेशन आपापला मरतो, आपापला इंटरफेस काढतो आणि त्या एका कुलपासाठी रांगेत उभा राहतो. वर विद्यार्थिनीला सांगितले ते एकत्र ओवणे इथे घडत नाही. आणि त्याच रांगेत मागे उभे असतात वीज न गेलेल्या घरांचे नवे सेशन. फोन येतात ते यामुळे.

तुम्ही बाहेरून गट करून डिलीट करायच्या फंदात पडू नका. ते इंटरफेस अ‍ॅक्सेल-पीपीपीचे आहेत. त्याच्या पाठीमागे हात घालाल तर हिशेब चुकेल. तुमच्यासाठी उपाय याच्या अगदी उलट आहे : काढूच नका. अ‍ॅक्सेल-पीपीपीच्या सेटिंग-फाइलीत पीपीपी विभागात 'युनिट-कॅश' म्हणून एक पर्याय आहे. तिथे आकडा दिला की सेशन संपल्यावर इंटरफेस मोडला जात नाही, बाजूला ठेवला जातो आणि पुढच्या ग्राहकाला तोच दिला जातो. बनवणेही वाचते, मोडणेही वाचते. आकडा किती? तुमच्या सर्वांत मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर जितकी घरे एकदम जातात, त्याहून थोडा जास्त. ठेवलेला इंटरफेस थोडी मेमरी खातो, पण तुमच्या आकारमानाच्या सर्व्हरला ती जाणवू नये.

दुसरे, एकोचे अंतर आणि किती चुकल्यावर मेले म्हणायचे, हे दोन्ही पाहा. आपल्याकडे पावसात वीज पुष्कळदा मिनिटभरासाठीच जाते आणि येते. पण ग्राहकाचा राउटर त्यातही रीस्टार्ट होतो आणि नव्याने डायल करतो, म्हणून मर्यादा फार ताणण्यात अर्थ नाही. जुने सेशन उगाच लोंबकळत राहते. त्यापेक्षा ग्राहकांना राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस घ्यायला सांगा आणि तुमच्या मधल्या स्विचनाही बॅटरी द्या. स्विच पडला की त्याच्यामागची सगळी घरे वीज असूनही गप्प होतात. मी स्वतः असे दोन ठिकाणी पाहिले आहे. मालक सर्व्हरला दोष देत होते आणि खांबावरचा स्विच बॅटरीविना होता.

हे आता करा, चवथीपर्यंत थांबू नका. चवथीला सगळी माणसे घरी असतात, तेव्हा वीज गेली तर एकही ग्राहक ऐकून घेणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी वास्कोत एका कार्यालयाचे सर्व्हर सांभाळतो. डॉकर (प्रोग्राम कंटेनरांत, म्हणजे वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, चालवणारे साधन) आहे त्या मशीनवर दर दहा सेकंदांनी एक ओळ येते : 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस : वेटिंग फॉर एलओ टू बिकम फ्री. युसेज काउंट = १'. कंटेनर बंद केले तरी येतेच आणि नवे कंटेनर सुरू व्हायला अडतात. मशीनचे लूपबॅक (एलओ, मशीन स्वतःशीच बोलते तो इंटरफेस) बिघडले का? घाऊक डिलीट केल्याने हे जाईल का?

उत्तर : तुमच्या मशीनचे लूपबॅक ठीक आहे. प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला स्वतःचे एक एलओ असते आणि ही ओळ बंद झालेल्या एखाद्या कंटेनरच्या एलओविषयी आहे.

वर सांगितलेले थांबणे आणि हे थांबणे वेगळे आहे. ग्रेस पीरियड कधी ना कधी संपतोच. खोलीतला प्रत्येक जण उठतोच. पण काही वाचक अंक घरी नेतात आणि तशी नोंद करून नेतात. कर्नलचा एखादा भाग डिव्हाइस दीर्घकाळ धरून ठेवतो तेव्हा तो एक मोजणी वाढवतो, सोडताना कमी करतो. निरोपाच्या शेवटच्या टप्प्यात कर्नल ही मोजणी उतरण्याची वाट पाहतो. मूळ मर्यादा दहा सेकंदांची आहे, म्हणून ती ओळ तुम्हाला दर दहा सेकंदांनी दिसते. 'काउंट = १' म्हणजे कुणी तरी नेलेले परत केलेले नाही. ते उशिराने येणार असेल, उदाहरणार्थ एखादे जुने टीसीपी कनेक्शन अजून संपायचे असेल, तर काही मिनिटांत ओळी थांबतात. थांबल्या तर विसरून जा. तासन्‌तास चालू राहिल्या तर तो कर्नलमधला दोष समजा : कुणीतरी परत करायचे विसरले आहे.

घाऊक काढण्याने हे जाणार नाही. उलट इथे एकत्र जाण्याची दुसरी बाजू दिसते. नेमस्पेस मोडण्याचे काम एकामागून एक होते, एका खेपेत जमतील तेवढ्या घेऊन. त्या खेपेत एकाचा हिशेब अडला की बरोबरचे आणि मागून येणारे सगळे खोळंबतात. जुन्या कर्नलमध्ये तर नवी नेमस्पेस बनवणेही त्याच्यापायी अडत असे. तुमचे नवे कंटेनर सुरू होत नाहीत, त्यावरून तुमचा कर्नल तसा जुना असावा असे मला वाटते.

करायचे ते असे. आज : मशीन रीस्टार्ट करा, याला दुसरा उपाय नाही. अडकलेली मोजणी बाहेरून सोडवता येत नाही. या आठवड्यात : तुमच्या डिस्ट्रिब्यूशनचा ताजा कर्नल घाला. या ओळीमागचे अनेक वेगवेगळे दोष गेल्या काही वर्षांत दुरुस्त झाले आहेत. तरीही आले, तर चाचणीच्या मशीनवर 'नेट_डेव्ह_रेफसीएनटी_ट्रॅकर' हा पर्याय चालू करून कर्नल बांधा. २०२२ च्या ५.१७ पासून तो आहे. तो चालू असला की डिव्हाइस कुणी धरले आणि सोडले नाही, त्या फंक्शनचे नाव लॉगमध्ये मिळते. ते नाव हाती असेल तर दोष कळवल्यावर कुणी तरी नीट लक्ष देते, नाहीतर 'वेटिंग फॉर एलओ' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी तुमचा जुना विद्यार्थी, आता वेर्ण्याला काम करतो. आमच्या उपकरणासाठी मी एक आभासी नेटवर्क डिव्हाइसचे मॉड्यूल लिहिले आहे. गटाने डिलीट केले तरी वेळ एकेक केल्याइतकाच लागतो. डमी मात्र झटकन जातात. माझ्या मॉड्यूलमध्ये काय चुकले असेल?

उत्तर : तू डमीशी तुलना करून पाहिलीस, म्हणजे दोष तुझ्याच कोडमध्ये आहे हे तू निम्मे सिद्ध केलेसच. तुझे डेललिंक फंक्शन (डिव्हाइस काढताना कर्नल बोलावतो ते) उघड. त्याला दोन गोष्टी मिळतात : डिव्हाइस आणि एका यादीचे डोके. मला जवळजवळ खात्री आहे, की तू ती यादी न वापरता 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस' लिहिले आहेस. ते फंक्शन आत तेच घाऊक यंत्र एकट्या डिव्हाइससाठी चालवते, म्हणून दर वेळी पूर्ण थांबते. त्याजागी 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस_क्यू' लिही आणि मिळालेले डोके त्याला दे. ते फक्त यादीत ओवून परत येते. थांबण्याचे काम वरचा बोलावणारा शेवटी एकदा करतो. व्हीईथचा (आभासी तारेचा) कोड वाच. त्याची दोन टोके असतात आणि ती दोन्ही एकाच यादीत ओवली जातात. जोडी-जोडीने जाणाऱ्या डिव्हाइसांसाठी त्याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

यादी वापरत असशील आणि तरी वेळ जात असेल, तर स्टॉप आणि अनइनिट या दोन फंक्शनांत पाहा. तिथे 'सिंक्रोनाइझ_आरसीयू' (ग्रेस पीरियड संपेपर्यंत थांबवणारे फंक्शन) लिहिण्याची सवय पुष्कळांना असते, सुरक्षित वाटते म्हणून. ती एक ओळ प्रत्येक डिव्हाइसमागे एकदा चालते आणि वरचे सगळे एकत्र ओवणे वाया जाते. बहुतेक ठिकाणी ती नकोच असते, कारण यादीतून काढल्यानंतरचे थांबणे वरचा कोड करतोच. खरोखर हवी असेल, एखादी तुझी स्वतःची यादी तिच्यावर अवलंबून असेल, तर मोकळे करण्याचे काम 'कॉल_आरसीयू'कडे सोपव, म्हणजे तू थांबणार नाहीस. आणि डेललिंकमध्ये मेमरी मोकळी करू नकोस. त्या क्षणी डिव्हाइस नुसते यादीत ओवले आहे, लोक अजून त्याला धरून आहेत. 'नीड्स_फ्री_नेटडेव्ह' हा ध्वज लाव, योग्य वेळी कर्नलच ते मोकळे करील.

अंदाजाने बदल करत बसू नकोस. शंभर डिव्हाइस बनव, एफट्रेसमध्ये (कर्नलची फंक्शने केव्हा चालली ते नोंदवणाऱ्या सोयीत) 'सिंक्रोनाइझ_नेट' आणि 'सिंक्रोनाइझ_आरसीयू' या दोन फंक्शनांवर खूण लाव आणि गटाने काढताना ती किती वेळा बोलावली गेली ते मोज. आकडा शंभराच्या पटीत आला तर अजून एक ओळ कुठे तरी दडली आहे. बोटांवर मोजण्याइतका आला, की ते मॉड्यूल माझ्या यंदाच्या मुलांना दाखवायला मला पाठव, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे घालून.